जुन्या स्पोर्ट्स कारला टायर निवडताना

मियाटा, म्हणजे माझदाची दोन जणांची छोटी उघडी स्पोर्ट्स कार, घरी आणली तेव्हा तिचे टायर मला नवे वाटले होते. नक्षी खोल, रबर काळंभोर, बाजूला साधा ओरखडाही नाही. गाडी १९९२ची, लाल, इथे न्यू जर्सीत एका निवृत्त गृहस्थांनी गॅरेजमध्ये झाकून जपलेली. पुढच्याच शनिवारी मी ती डेलावेअर नदीच्या काठाने जाणाऱ्या रूट २९वर काढली. लॅम्बर्टव्हिल मागे टाकून फ्रेंचटाउनकडे जाताना पावसाची एक सर येऊन गेली, आणि एका साध्याशा वळणावर, वेग ताशी साठ किलोमीटरच्या आत असताना, गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर गेला. टायर कुरकुरले नाहीत, स्टिअरिंगमध्ये काही जाणवलं नाही. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. घरी येऊन गाडीखाली टॉर्च मारला तेव्हा टायरच्या आतल्या बाजूला तारखेचे आकडे दिसले. टायर अकरा वर्षांचे होते.

त्यानंतर या गाडीवर मी दोनदा टायर बदलले. पहिल्यांदा चुकीचे घेतले, दुसऱ्यांदा मनासारखे मिळाले. दोन्ही वेळा जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण मियाटाचंच घेते, कारण तिची मापं मला पाठ आहेत. पण तुमच्याकडे जुनी एमजीबी, पोर्श ९४४ किंवा डॅटसन २४०झेड असली तरी विचाराचा क्रम हाच राहील.

आधी तारीख

रोजच्या गाडीचा टायर झिजतो. शनिवार-रविवारी निघणाऱ्या गाडीचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. रबरातली तेलं हळूहळू निघून जातात, ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन आपलं काम करत राहतात, आणि नक्षी जशीच्या तशी असताना रबर कडक होतं. कडक रबर कोरड्या रस्त्यावर एकवेळ चालून जातं; ओल्या रस्त्यावर ते दगा देतं.

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची आद्याक्षरं) ही अक्षरं शोधा. त्यापुढच्या संकेतातले शेवटचे चार आकडे म्हणजे तारीख: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळदा पूर्ण संकेत टायरच्या एकाच बाजूला असतो आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते, म्हणून गाडीखाली वाकून पाहायची तयारी ठेवा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाआधीचा आहे. माझ्या गाडीच्या डिकीतल्या स्टेपनीवर ४८१ लिहिलं आहे. म्हणजे १९९१चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचीच ती स्टेपनी. तिच्यावरचे रबराचे बारीक केस अजून तसेच आहेत, कारण ती रस्त्याला कधी लागलेलीच नाही. तरीही तिच्यावर मी पन्नास किलोमीटरसुद्धा जाणार नाही.

किती वर्षं म्हणजे जुना? अनेक कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला असं सांगतात. मिशलिनचं म्हणणं असं, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांना काढून टाका. माझ्या मते हलक्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या, ब्रेकवर आणि वळणात गाडी सावरणारं एबीएस किंवा स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेल्या गाडीला सहा-सात वर्षं ही हद्द आहे. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटाला ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपटांतला नट पॉल वॉकर ज्या पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला, त्या तपासात मुख्य कारण अतिवेग ठरलं. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते याचीही नोंद झाली. रस्त्यावर तसा वेग आपण गाठणार नाही आणि गाठूही नये. टायरचं वय मात्र आपल्या गॅरेजमध्येही तेवढंच असू शकतं.

घरच्या घरी पाहायचं असेल तर नक्षीच्या ठोकळ्यात अंगठ्याचं नख रुतवून बघा. ताज्या टायरमध्ये नख थोडं रुततं आणि खूण हळूहळू भरून येते. कडक झालेल्या टायरवर नख घसरतं. मग खाचांच्या तळाशी पाहा. कोरड्या तळ्याला पडतात तशा बारीक भेगा तिथे आधी दिसतात. हे पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा भाव ठरवायच्या आधी ते अवश्य करा. चार नवे टायर लागणार हे तिथेच कळलं तर बोलणी त्या हिशेबाने होतात.

नवे टायर घेतानाही तारीख विचारा. दुकानदार रिमवर टायर चढवायच्या आधी तुम्ही स्वतः चारही आकडे वाचा. एक वर्षापर्यंतचा माल मी घेते. तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असेल तर ज्या गाडीचे टायर वयाने जातात, तिच्यासाठी ती सवलत फसवी आहे. निम्मं आयुष्य तुम्ही आधीच देऊन बसता.

वर्षाला किती चालवता?

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, किती हजार मैल टिकायला हवा. आपल्या गाडीसाठी हा प्रश्नच वेगळा मांडायला हवा. माझी मियाटा वर्षाला साधारण ४,००० किलोमीटर चालते. सहा वर्षांत २४,०००. गाडीचं वजन सुमारे ९६० किलो. एवढ्या हलक्या गाडीखाली मध्यम मऊ टायरसुद्धा २४,००० किलोमीटर आरामात काढतो. मग ऐंशी हजार किलोमीटरच्या हमीचा कडक टायर घेऊन मी काय कमावणार? पकड कमी घ्यायची, आणि टिकाऊपणाचा उरलेला भाग सातव्या वर्षी भंगारात टाकायचा.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो: २००, ३४०, ५००, ७००. शंभर हा संदर्भ टायर धरला आहे. ३०० म्हणजे ठरावीक चाचणीत त्याच्या तिप्पट टिकेल असा अर्थ. चाचणी टेक्सासमध्ये ७,२०० मैलांच्या धावेवर होते, पण आकडा कंपनी स्वतः ठरवून छापते. म्हणून एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३४० यांत फार शोधायला जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र कमी आकड्याचा बहुधा अधिक मऊ असतो. त्याच ओळीत ‘ट्रॅक्शन’ची श्रेणी असते, एए, ए, बी, सी. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरची आहे. वळणावर टायर कसा वागेल हे ती सांगत नाही.

तेव्हा कागदावर तीन गोष्टी लिहून काढा: वर्षाला किती किलोमीटर, कोणकोणत्या महिन्यांत, आणि पावसात गाडी निघते की नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर वर्षातून एखाद्या दिवशी जाता की नुसतं जायचं मनात आहे, हेही लिहा. मी पहिल्यांदा चुकले ती इथेच. ट्रॅकवर जायचं मनात होतं म्हणून टायर त्या हिशेबाने घेतले, आणि गाडी गेली नेहमीच्याच रस्त्यांवर.

माप

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पैशाची आणि गाडीच्या स्वभावाची नासाडी बहुतेक इथेच होते.

पहिल्या पिढीच्या, म्हणजे माझ्यासारख्या, मियाटाला कारखान्यातून १८५/६० आर १४ हे माप आलं. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या साठ टक्के, १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हिशेब असा: साइडवॉल १११ मिलिमीटर, दोन बाजूंची मिळून २२२, त्यात रिमचे ३५५.६ मिळवले की टायरचा बाहेरचा व्यास ५७७.६ मिलिमीटर. हा आकडा तुमच्या गाडीसाठी काढा आणि वहीत लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक माप याच्याशी ताडायचं आहे.

अडचण अशी, की १४ इंची रिमसाठी चांगले स्पोर्ट्स टायर आता फार थोडे उरले आहेत. नव्या गाड्यांच्या रिमा मोठ्या होत गेल्या आणि कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं. १४ इंचांत मिळतात ते बहुतेक साध्या कुटुंबाच्या गाडीचे, टिकाऊ आणि जरा निबर टायर. अशा वेळी एक इंच मोठ्या रिमवर जाणं हा सरळ मार्ग आहे. १९९९पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या मियाटाला १५ इंची, सहा इंच रुंद रिमही आली, तिच्यावर १९५/५० आर १५ टायर. चार नटांची १०० मिलिमीटरची रचना दोन्ही पिढ्यांत तीच, त्यामुळे ती रिम जुन्या गाडीवर थेट बसते. टायरचा व्यास किती? ३८१ अधिक १९५, म्हणजे ५७६. मूळ मापापेक्षा दीड मिलिमीटर कमी. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही, गिअरचं गणित बदलत नाही, चाक मडगार्डला कुठे घासत नाही. साइडवॉल १११वरून साडेसत्त्याण्णव होते, म्हणजे खड्ड्याचा धक्का किंचित जास्त, पण सोसवेल इतकाच.

याउलट १९५/५५ आर १५ ऐकायला जवळचं वाटतं. त्याचा व्यास येतो ५९५.५, मूळ मापापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त. गाडी सुस्त वाटते, तळ वर उचलला जातो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. साधारण तीन टक्के ही शेवटची हद्द धरतात; हलक्या आणि कमी ताकदीच्या गाडीत मी दीड-दोनच्या पुढे जात नाही. २०५/५० आर १५ दीड टक्क्यात बसतो आणि पुष्कळ मियाटांवर दिसतो. माझी पहिली खरेदी तीच होती, सात इंच रुंद रिमवर. त्याबद्दल पुढे सांगते.

रुंदीचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून एक गणित करून दाखवते. गाडी आणि चालक मिळून साधारण १,०४० किलो. एका चाकावर २६० किलो. हवेचा दाब २६ पीएसआय. भागाकार केला की एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण १४० चौरस सेंटीमीटर येतो, आपल्या टपालखात्याच्या पोस्टकार्डापेक्षा थोडासा मोठा. वजन आणि हवा तीच ठेवून रुंद टायर घातला तर ही जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो: आडवी रुंद होते, लांबीला आखूड. त्याने गाडी वळणात चटकन शिरते, पण साचलेलं पाणी कापत जायला रुंद टायरला जास्त कष्ट पडतात. त्यात गाडी हलकी, म्हणजे पाण्यावर तरंगायची भीती आणखी जास्त. एका टनाच्या गाडीला १९५ भरपूर आहे. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी १८५ ठरवला होता, आणि ‘घोडा आणि स्वार एक’ या अर्थाचे ‘जिनबा इत्ताई’ हे जपानी शब्द समोर ठेवून ठरवला होता.

मापाच्या पुढे एक आकडा आणि अक्षर असतं, जसं ८२ एच. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, व्ही २४०, डब्ल्यू २७०. भाराचा आकडा मूळ मापापेक्षा खाली जाऊ देऊ नका. १८५/६० आर १४ आणि १९५/५० आर १५ दोन्ही ८२चेच मिळतात, त्यामुळे इथे प्रश्न येत नाही. ‘एक्सएल’ असं लिहिलेला टायर जास्त भारासाठी बांधलेला आणि अंगाने कडक असतो. हलक्या गाडीला तो भार कधीच पेलायचा नाही. दुसरा पर्याय असेल तर तो टाळा.

रिमची रुंदीही पाहा. १९५/५० आर १५ साडेपाच ते सात इंच रुंद रिमवर बसतो. रिम वेगळी घेत असाल तर ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) आणि मधल्या भोकाचा व्यास विचारा; मियाटात तो ५४.१ मिलिमीटर आहे. भोक मोठं असेल तर मध्ये कडी घालावी लागते, नाहीतर चाक नीट मध्यावर बसत नाही आणि ताशी शंभरला स्टिअरिंग थरथरतं. वजनही विचाराच. मूळ सात आऱ्यांची १४ इंची ॲल्युमिनिअमची रिम जेमतेम साडेपाच किलोची आहे. आठ-नऊ किलोची शोभेची रिम लावली की दर खड्ड्याला ते ओझं स्प्रिंगांना आवरावं लागतं, आणि गाडी जड पावलांची होते.

कोणत्या जातीचा टायर

आता रबराचा प्रकार. ढोबळमानाने चार जाती आहेत. साधा ऑल-सीझन, म्हणजे बारमाही; स्पोर्टी ऑल-सीझन; रस्त्यासाठीचा उन्हाळी स्पोर्ट्स टायर; आणि ट्रॅकच्या उंबरठ्यावरचा अतिमऊ उन्हाळी टायर, ज्याला इथले लोक ‘टू हंड्रेड’ म्हणतात, कारण अनेक हौशी स्पर्धांत २०० ट्रेडवेअर ही किमान अट असते.

मी पहिल्यांदा हा शेवटचा घेतला. ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस, योकोहामाचा अडव्हान ए०५२, फाल्कनचा अझेनिस आरटी६६० ही या जातीची नावं. आपापल्या कामात हे टायर अप्रतिम आहेत. कोरड्या, तापलेल्या डांबरावर पकड अशी, की वळणात मानेला ताण यावा. पण माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंगमध्ये चाक फिरवताना खांदे भरून येत. महामार्गावर काँक्रीटच्या खाचा धरून गाडी आपलीच वाट शोधायची. ऑक्टोबरच्या सकाळी टायर तापेपर्यंत तो लाकडासारखा वागायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीची गंमत गेली. ११६ अश्वशक्तीच्या गाडीत गंमत ही, की कायद्याच्या वेगातही टायर बोलायला लागतो; आधी हलकी शीळ, मग स्टिअरिंग हलकं पडतं, मग मागचा भाग हळूच सरकू पाहतो, आणि तुम्ही पायाने त्याला उत्तर देता. या टायरवर ते बोलणं सुरू व्हायचा वेगच इतका पुढे गेला, की गावातून जाणाऱ्या रस्त्यावर तिथे पोहोचणं हाच गुन्हा. शिवाय तीस वर्षं जुन्या बुशिंगांना (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांना) आणि बेअरिंगांना एवढ्या पकडीचा ताण सोसावा लागतो, तो वेगळाच.

म्हणून जुन्या, हलक्या गाडीसाठी मी टायरला विचारते तो प्रश्न असा: पकड सुटते तेव्हा तू कसा सुटतोस? हळूहळू, सांगून सुटणारा टायर थोडी कमी पकड देत असला तरी घ्यावा. सगळं घट्ट धरून शेवटी एकदम सोडून देणारा टायर नको. ओल्या रस्त्यावर तर हे दुप्पट खरं.

ज्यांची गाडी एप्रिल ते ऑक्टोबरच बाहेर निघते, त्यांना तिसरी जात सांगेन, रस्त्यासाठीचा उन्हाळी स्पोर्ट्स टायर. फायरस्टोनचा फायरहॉक इंडी ५०० आणि कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ ही याची ठळक उदाहरणं. ट्रेडवेअर साधारण ३००-३४०, ओल्या रस्त्यावर उत्तम, साइडवॉल फार दगडी नाही. तुमच्या मापात यांतलं काय मिळतं ते दरवर्षी बदलतं, म्हणून आधी माप पक्कं करा आणि मग त्या मापात काय आहे ते शोधा. नावावर मन बसवून मापात तडजोड करू नका.

उन्हाळी टायरचं एक पथ्य आहे. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याचं रबर कडक पडू लागतं, आणि उणे ७ अंशांच्या खाली तर तो ठोकळ्यांत तडकू शकतो. अशा थंडीत तो हलवूसुद्धा नये असं कंपन्याच बजावतात. न्यू जर्सीत जानेवारीत हे सहज घडतं. त्यामुळे ज्यांना नोव्हेंबर-डिसेंबरातही कोरड्या दिवशी गाडी काढायची आहे, किंवा ज्यांची ही एकुलती एक गाडी आहे, त्यांनी खुशाल स्पोर्टी ऑल-सीझन घ्यावा. त्यात कमीपणा नाही. मियाटासारख्या गाडीला तो शोभतोही, कारण तिचं सुख कमी पकडीतच जास्त आहे. बर्फात चालवायची असेल तर मात्र ऑल-सीझनवर भरवसा न ठेवता बर्फाच्या टायरचा वेगळा संच ठेवा. आणि बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेलं असताना जुनी गाडी बाहेर काढू नका, गंज तिला टायरच्या आधी खाईल.

बसवताना

चारही टायर एकाच वेळी, एकाच नावाचे घ्या. पुढे एक आणि मागे दुसरा असं केलं की गाडीचा तोल कोणाच्या हातात आहे हेच कळत नाही. दोनच घेण्याइतका खर्च झेपत असेल तर नवे टायर मागे लावा. मागच्या चाकांची पकड सुटणं हे पुढच्यांची सुटण्यापेक्षा सावरायला अवघड.

दुकानात जाताना या चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या. मी नेते, आणि काउंटरवर ती वाचून दाखवते. एक, जॅक कुठे लावायचा: मियाटाच्या दाराखालच्या लोखंडी कडा चुकीच्या जागी जॅक लावला की दुमडतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. दोन, व्हॉल्व्ह नवे घाला. तीन, नट हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू नका. टॉर्क रेंचने ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या दरम्यान बसवा. चार, हवा २६ पीएसआय.

ही चौथी ओळ नीट लक्षात ठेवा. माझा दुसरा संच बसवून गाडी घेऊन निघाले आणि दोन चौकांतच मन खट्टू झालं. गाडी दर सांध्यावर उड्या मारत होती, वळणात टायर टोकावर उभा असल्यासारखा वाटत होता. घरी येऊन गेज लावला तर चारही टायरांत ३५ पीएसआय. आजच्या दीड-दोन टनांच्या गाड्यांची सवय असलेले हात, ते सगळ्यांना ३५ भरतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर मियाटाला २६ लिहिलं आहे. हवा सोडून २७वर आणली, आणि त्याच टायरवर तीच गाडी निराळी झाली. टायर नावडला म्हणून परत करायला निघालेल्या माणसाने आधी हवा मोजावी. स्वतःचा गेज ठेवा. टायर गार असताना, सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय उतरतो. सप्टेंबरात भरलेले २६ नोव्हेंबरात २३ झालेले असतात.

मापात बदल केला असेल, तर दाब गाडीवरच्या पट्टीपासून सुरू करून एक-एक पीएसआयने वर-खाली करून बघा. टायरच्या खांद्यावर, नक्षी आणि साइडवॉल जिथे मिळतात तिथे, खडूची आडवी रेघ ओढा आणि एखादा वळणांचा रस्ता फिरून या. खडू खांद्याच्या खाली साइडवॉलवरूनही पुसला गेला असेल तर हवा कमी आहे. नक्षीच्या कडेवरचाही शाबूत असेल तर जास्त आहे.

अलाइनमेंट नव्या टायरबरोबरच करा, चारही चाकांची. इथे जुन्या गाडीची एक खोड आहे. मियाटात कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलायला मध्यापासून सरकलेल्या चकतीचे, म्हणजे एक्सेंट्रिक बोल्ट असतात, आणि मिठाच्या प्रदेशात ते बुशिंगच्या नळीत गंजून घट्ट बसतात. मेकॅनिक पाना लावतो, बोल्ट फिरत नाही, आणि मग ‘सगळं मापात आहे’ असा कागद हातात येतो. म्हणून आठवडाभर आधी रोज त्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा, आणि दुकानात आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. मी रस्त्यासाठी पुढे साधारण उणे एक अंश कॅम्बर ठेवते, मागे त्याहून किंचित जास्त, आणि मागच्या चाकांना जरासा टो-इन, म्हणजे तोंडं किंचित आत. त्याने महामार्गावर गाडी शांत चालते.

पहिले आठशे किलोमीटर सबुरीने चालवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर नव्या टायरवर असतो, तो झिजेपर्यंत पकड कमी असते. पावसात तर विशेष जपा.

इतर गाड्यांचं थोडक्यात

पोर्श असेल तर टायरच्या बाजूवर एन०, एन१ अशी खूण शोधा. त्या टायरला पोर्शने स्वतः तपासून मान्यता दिलेली असते. १९८०च्या दशकातल्या ९११ला पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. इंजिन मागे असल्यामुळे ते प्रमाण मोडू नका. चारही सारखे घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एमजीबीला तारांच्या आऱ्यांची चाकं असतील तर आत ट्यूब लागते, कारण आऱ्यांच्या टोकांतून हवा जाते. तिथे १६५ रुंदीच्या उंच साइडवॉलच्या टायरवर गाडी जी डौलदार चालते, ती रुंद टायरवर चालत नाही. डॅटसन २४०झेडचं मूळ माप १७५ रुंदीचं, १४ इंची होतं. आज बहुतेक लोक १९५/७० आर १४ लावतात आणि ते ठीक जमतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही युरोपीय गाड्यांसाठी मिशलिन आणि पिरेली जुनी मापं आणि जुन्या नक्षा मुद्दाम पुन्हा काढतात, आतली बांधणी आणि रबर आजचं. महाग असतात, पण ज्यांना गाडी मूळ रूपात ठेवायची आहे त्यांनी आधी तिथे पाहावं.

मुंबई-पुण्याकडे जुनी स्पोर्ट्स कार सांभाळणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. थंडीचा प्रश्न नाही, त्यामुळे उन्हाळी टायरची भीती नाही. उन्हाने रबर मात्र तिथे लवकर वाळतं, आणि पावसाळ्याचे चार महिने ओल्या रस्त्यावरची पकड हीच पहिली कसोटी. जून २०२०पासून नव्या टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे विरळ मापाचा टायर बाहेरून मागवायच्या भरवशावर राहू नका. देशात मिळणारी मापं आधी पाहा आणि त्यानुसार १४ की १५ इंची रिम ते ठरवा. खड्डे ध्यानात घेता साइडवॉल जितकी उंच ठेवता येईल तितकी ठेवा.

हिवाळ्यात ठेवताना

डिसेंबरात गाडी ठेवून देते तेव्हा टायरमध्ये पाच-सहा पीएसआय हवा जास्त भरते, म्हणजे एकाच जागी उभं राहून टायर चपटा पडत नाही. टायर चकचकीत दिसावा म्हणून तेलकट पॉलिश लावत नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा पुसते. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर किंवा मोटर चालत असेल तर गाडी तिच्यापासून लांब, कारण विजेच्या मोटरीतून ओझोन निघतो. मार्चअखेर पहिल्यांदा बाहेर काढायच्या दिवशी हवा पुन्हा २७वर आणते, चारही टायरांवरून हात फिरवते, आतल्या बाजूलासुद्धा. कुठे खिळा, कुठे फुगवटा, कुठे भेग. मग डिकी उघडून त्या ४८१वाल्या स्टेपनीशेजारी पंक्चरचं सामान आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप आहे ना, ते बघते.